‘इकडे बघा’ न म्हणणारा कॅमेरा

मंगलाष्टकांचा सूर टिपेला पोहोचलेला असतो. अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधू आणि वर, वधूच्या पाठीशी मामा, करवलीच्या हाती कऱ्हा आणि दिवा, आणि कार्यालयातली झाडून सारी माणसे मुठीतल्या अक्षता सांभाळत व्यासपीठाकडे डोळे लावून उभी. नेमक्या त्याच वेळी कार्यालयाच्या मागल्या अंगणात तुळशीवृंदावनापाशी एक बाई एकटीच उभी असते. ती वधूची आई. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने पाहू नये, तिने तुळशीला पाणी घालत उभे राहावे, अशी अनेक मराठी घरांतली रीत आहे. भिंतीपलीकडून मंगलाष्टके तिच्या कानी येत असतात. शेवटचे ‘सावधान’ होते, वाजंत्री वाजू लागते आणि तिला कळते, की लेकीचे लग्न लागले.

लग्नाच्या अल्बममध्ये हा क्षण बहुधा नसतो. कारण उघड आहे. छायाचित्रकार व्यासपीठावर असतो, त्याचा मदतनीस दिवा धरून त्याच्या शेजारी असतो आणि व्हिडिओवाल्याची पाठ पाहुण्यांकडे असते. ज्याला हे छायाचित्र घ्यायचे आहे, त्याच्याकडे उत्तम कॅमेरा असून भागत नाही. आई त्या वेळी कुठे असेल, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. डॉक्युमेंटरी, म्हणजे दस्तऐवजी पद्धतीने लग्नाचे छायाचित्रण करणे म्हणजे काय, याचे अर्धे उत्तर यातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर छायाचित्रकार काय करत नाही, यात आहे. तो ‘इकडे बघा’ म्हणत नाही. हार घालताना हात हवेत थांबवायला लावत नाही. गुरुजींना ‘एक मिनिट’ म्हणून होमाची आहुती रोखून धरत नाही, आणि मंगळसूत्र बांधताना दिसले नाही म्हणून ते पुन्हा बांधायला सांगत नाही. जे घडते ते घडते तसे, घडत्या क्रमाने टिपायचे. निसटले तर निसटले. हल्ली जाहिरातींत सर्रास दिसणारा ‘कँडिड’ हा शब्द याच अर्थाने वापरला जातो खरा. पण वधूला खिडकीशी उभे करून ‘कॅमेऱ्याकडे बघू नका, जरा हसा’ असे सांगून घेतलेले छायाचित्रही त्याच नावाने विकले जाते. नजर कॅमेऱ्याकडे नाही, एवढ्यावरून छायाचित्र अकृत्रिम ठरत नाही.

कृत्रिमतेची ही परंपरा तशी राजघराण्याइतकी जुनी! इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा विवाह १८४० साली झाला. छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते आणि त्या विवाहाचे एकही छायाचित्र निघाले नाही. पुढे चौदा वर्षांनी, १८५४ साली रॉजर फेंटन याने दरबारी पोशाखातल्या राणीचे आणि प्रिन्स अल्बर्टचे छायाचित्र काढले. ते आजही कित्येक ठिकाणी त्यांच्या लग्नाचे छायाचित्र म्हणून खपून जाते.

आपल्याकडे ‘लग्नाचा फोटो’ म्हणजे दीर्घकाळ लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला जोडफोटो होता. पुढे छायाचित्रकार मांडवात आला, तो याशिकासारखा दोन भिंगांचा कॅमेरा गळ्यात अडकवून. त्याच्या रोलवर अवघी १२ छायाचित्रे निघत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मने ती संख्या ३६ वर नेली. अशा काटकसरीत प्रत्येक वेळी बटण दाबताना खर्चाचा विचार असे. साहजिकच सारे जण उभे राहिले, डोळे उघडे आहेत याची खात्री पटली, की मगच छायाचित्र. व्यासपीठावर रांगेने येणारे आहेरवाले आणि प्रत्येकाबरोबर तसेच ओठांवर आणलेले हसू हे या अर्थशास्त्राचेच अपत्य आहे. पुढे व्हिडिओ कॅमेरा आला आणि त्याच्याबरोबर हॅलोजनचा प्रखर दिवा. नवरा-नवरीच्या डोळ्यांपुढे अंधारी आणणाऱ्या त्या दिव्याने मांडवातला सगळा आडोसाच नाहीसा केला.

दस्तऐवजी पद्धतीचे मूळ मात्र लग्नाच्या मांडवात नाही, वृत्तपत्रांच्या आणि नियतकालिकांच्या छायाचित्रणात आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ छोटा लायका कॅमेरा आणि बहुतेक वेळा ५० मिलिमीटरचे एकच भिंग घेऊन हिंडत असे. फ्लॅशचा त्याला तिटकारा होता. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रे सर्वश्रुत आहेत. १९५२ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या इंग्रजी नावामुळे ‘निर्णायक क्षण’ ही संकल्पना जगभर रूढ झाली. ती लग्नाच्या छायाचित्रणात आणणाऱ्यांमध्ये अमेरिकेच्या डेनिस रेगी याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. २१ सप्टेंबर १९९६ रोजी जॉर्जिया राज्यातल्या कंबरलँड बेटावर जॉन केनेडी धाकटे यांचा विवाह झाला. लाकडी प्रार्थनागृहाच्या पायऱ्या उतरताना वराने वधूचा हात ओठांशी नेला आणि रेगीने तो क्षण टिपला. संध्याप्रकाशात, चालत्या माणसांचे, कोणालाही न थांबवता घेतलेले ते एक छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले.

भारतात ही पद्धत रुजायला डिजिटल कॅमेऱ्याची वाट पाहावी लागली. १९९९ साली आलेला निकॉनचा डी१ मुख्यतः वृत्तछायाचित्रकारांच्या हाती गेला; २००५ नंतर कॅननच्या ५डीसारखे कॅमेरे लग्नाच्या छायाचित्रकारांनाही आवाक्यातले वाटू लागले. फिल्मचा खर्च संपला, तसा ‘सगळे उभे राहा’ म्हणण्याचा आर्थिक आधारही संपला. एका लग्नात दोन-तीन हजार छायाचित्रे घेऊन त्यातून पाचेकशे निवडणे शक्य झाले. शिवाय अंधुक उजेडात फ्लॅशवाचून काम भागू लागले, हे अधिक महत्त्वाचे.

कारण मंगल कार्यालय ही छायाचित्रकाराची सत्त्वपरीक्षाच असते. छताला ट्यूबलाइट, व्यासपीठावर पिवळे दिवे, मागे रंग बदलणाऱ्या झगझगीत माळा, आणि दारातून आत येणारे भर दुपारचे ऊन. एफ २.८ ऐवजी एफ १.४ छिद्राचे भिंग वापरले तर चौपट उजेड आत येतो. पण मग स्पष्टतेची खोली इतकी उथळ होते, की वधूचे डोळे ठळक आणि शेजारची नथ धूसर, असेही होऊ शकते. हवेत उडालेल्या अक्षता दाणा-दाणा दिसाव्यात तर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतकी वेगवान झडप हवी. आणि जुन्या पद्धतीची ट्यूब आपल्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त उजळते; त्यामुळे त्याहून वेगाने घेतलेल्या लागोपाठच्या दोन छायाचित्रांत एकच शालू दोन वेगळ्या छटांचा दिसतो. स्वस्त एलईडी दिव्यांखाली तर छायाचित्रभर आडवे काळे पट्टे उमटतात. अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच आदल्या दिवशी, सीमांतपूजनाच्या वेळी, कार्यालय नीट पाहून घेतो: कोणते दिवे लावायचे, कोणते विझवायला सांगायचे, खिडकी कुठल्या दिशेला आहे.

त्याहून मोठा प्रश्न जागेचा. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट दूर होतो आणि हार गळ्यात पडतात, हा सारा प्रकार काही सेकंदांचा. तो पुन्हा घडणार नाही. समोरून पाहिले तर अंतरपाटाआड एकच चेहरा दिसतो. कापडाच्या टोकाशी, बाजूला उभे राहिले तर मधोमध पडदा आणि दोहोंकडे दोन चेहरे, दोघांनाही न दिसणारे एकमेकांचे भाव, असे सगळे एका चौकटीत येते. ही जागा आधीच धरून ठेवावी लागते, कारण ऐन वेळी आत्या, मावश्या आणि मोबाइल उंचावलेले किमान डझनभर हात मध्ये येतात. त्यांना बाजूला सारण्याचा अधिकार दस्तऐवजी छायाचित्रकाराला नाही. ते हातही आता लग्नाचाच भाग आहेत!

म्हणून विधींचा क्रम ठाऊक असणे हे भिंगाच्या किमतीपेक्षा मोलाचे. गौरीहरापाशी अष्टपुत्री नेसून बसलेली वधू दिवसभरात बहुधा त्या एकाच वेळी एकटी सापडते. कानपिळीला वधूचा भाऊ काय मागेल याची साऱ्यांना उत्सुकता असते आणि हसू खरे असते. ऐरणीदानात डोक्यावर टोपली ठेवली जात असताना दोन विहिणींचे चेहरे पाहावेत. बौद्ध विवाहात वधू-वरांची पांढरी वस्त्रे उजेडाचे गणित पार बदलून टाकतात. निकाहात वधू आणि वर अनेकदा वेगवेगळ्या दालनांत बसलेले असल्याने एका माणसाचे ते काम उरत नाही. घरोघरच्या रीती वेगळ्या, तेव्हा आधी तासभर बसून घरच्यांशी बोलणे अपरिहार्य ठरते. या बोलण्यात घरच्यांनी मोबाइलवर जमवलेल्या ‘पोज’ दाखवण्यापेक्षा माणसे सांगावीत: कोणाची प्रकृती बरी नाही, कोण किती वर्षांनी येणार आहे, कोणाचे कोणाशी बोलणे नाही.

यातूनच या पद्धतीचा सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. जे घडते ते टिपायचे म्हटले, की मानपानावरून आलेला रुसवाही टिपला जातो. जेवणाच्या पंगतीतली घाई आणि हिशेबाच्या पाकिटांवर वाकलेला वधुपिता टिपला जातो. घाणा भरायला सवाष्णींना बोलावले जाते, हळदीला सवाष्णी पुढे होतात. आणि नवऱ्या मुलाची विधवा आई, जिने त्याला वाढवले ती, दाराच्या चौकटीला टेकून लांबून पाहते, तेही टिपले जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. तरीही मांडवातली ती चौकट अजून पुरती रिकामी झालेली नाही.

अशा वेळी छायाचित्रकाराने काय करावे? ‘काकू, तुम्हीही या ना’ म्हणून तिला पुढे बोलवावे, तर तो घटनेत हस्तक्षेप झाला, आणि कदाचित साऱ्यांदेखत तिची आणखी अवघडलेली स्थिती केल्यासारखे होईल. छायाचित्रच घेऊ नये, तर त्या हळदीची खोटी नोंद राहील. छायाचित्र घ्यावे, ते कुटुंबाच्या हाती द्यावे आणि स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र ठेवू नये, हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो. अल्बममध्ये ते घालायचे की नाही, हे त्या मुलाने ठरवावे. काही वर्षांनी त्याला ते पाहावेसे वाटेल, आणि तेव्हा ते नसेल तर कोणीही नव्याने काढून देऊ शकणार नाही.

छायाचित्रे कोणाची, याचे उत्तर कायद्यात आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणारा असतो. अमेरिकेत सर्वसाधारणपणे याच्या उलट, हक्क छायाचित्रकाराकडे राहतो. तिथल्या नमुन्यांवरून उचललेल्या करारपत्रांत हक्क छायाचित्रकाराकडे राखलेले असतात आणि सही करताना ती ओळ नजरेतून सुटते. परवानगीवाचून छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत, हे लेखी करून घेणे केव्हाही चांगले.

निवड करताना छायाचित्रकाराची उत्तम चाळीस छायाचित्रे पाहून भुलू नये. एखाद्या लग्नाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा संपूर्ण संच पाहायला मागावा. मधल्या कंटाळवाण्या तासांत तो काय पाहत होता, हे तिथे कळते. आणि समूहचित्रांना नाके मुरडण्याचेही कारण नाही. वीस मिनिटे राखून ठेवून आजी-आजोबांसह सारे कुटुंब एकदा सरळ उभे केले, तर त्यात दस्तऐवजी पद्धतीचा काही अवमान होत नाही. चार पिढ्या एका रांगेत, हाही दस्तऐवजच आहे, आणि अनेकदा तो पुन्हा जुळून येत नाही.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या पाठीवर शाईने नावे, गाव आणि तारीख लिहिलेली असे. हजारो डिजिटल छायाचित्रांच्या संचात तारीख आपोआप नोंदली जाते, नावे नाहीत. पंगतीत हसून वाढणारी ती बाई कोण, मामाच्या मागे उभा असलेला तो म्हातारा कोणाचा कोण, हे वीस-पंचवीस वर्षांनी सांगणारे कोणी उरत नाही. संचाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, शंभरेक छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मागे नावे लिहावीत. हे काम छायाचित्रकाराचे नव्हे. घरातल्याच कोणीतरी, आजी शेजारी बसून सांगते आहे तोवर, करायचे आहे.