चोरओटीचे तीन महिने

पेठ वडगावसारख्या गावात एखाद्या घरी सुनेला दिवस गेले, की तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता तिची चोरओटी भरली जाते. बातमी घरातच राहावी, हा त्यामागचा हेतू. आरंभीचे तीन महिने गर्भ टिकेल की नाही, ही धास्ती जुन्या पिढीला अनुभवाने ठाऊक होती. मात्र या गुप्ततेच्या जोडीने निषेधांची एक यादीही आली. सुनेने वाकू नये, भरभर चालू नये, सायकलवर बसू नये. आणि लग्नापूर्वी ती खो-खो वा कबड्डी खेळत असेल, तर मैदानाचे नावही काढू नये.

वैद्यकाने या बाबतीत आपले मत पुष्कळच बदलले आहे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये, व्यायाम करताना गर्भवतीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत, अशी मर्यादा घातली होती. १९९४ मध्ये तिनेच ती मागे घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. चालणे, पोहणे, आणि पूर्वीची सवय असल्यास धावणेही यात बसते. कुस्ती वा कबड्डीसारखे अंगाला अंग भिडणारे, पडझडीचे खेळ बाजूस ठेवावेत. कडक उन्हात शरीर फार तापू देऊ नये. रक्तस्राव झाला वा चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे, एवढी पथ्ये सांगितली जातात. सेरेना विल्यम्सने २०१७ ची ऑस्ट्रेलियन टेनिस स्पर्धा जिंकली, तेव्हा ती सुमारे दोन महिन्यांची गर्भवती होती. हे उदाहरण कोणी गिरवावे असे नव्हे. परंतु निरोगी शरीराची ताकद त्यावरून कळते.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे दहा टक्के गर्भपातात संपतात, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. त्यावर मातेचा इलाज नसतो. तरीही ‘धावपळ केलीस, म्हणून गेले’ हे वाक्य तिला ऐकावे लागते. जिला आधीच दुःख झाले आहे तिच्यावर अपराधाचेही ओझे लादण्याची ही रीत क्रूर आहे, आणि तिला शास्त्राचा आधार नाही.

येथवरचा विचार झाला तो जिला चालायचे की थांबायचे हे ठरवता येते, तिच्यापुरता. वडगावच्या शिवारात दिवाळीच्या आगेमागे दुसऱ्या बायका येतात. वारणा, पंचगंगा, जवाहर या कारखान्यांचा हा टापू. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या उसाच्या फडांत उतरतात. त्यांचा हिशेब माणसांवर नसतो, कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडायची असते. पहाटेपासून वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन वाहनात चढवायची. दिवस गेले म्हणून बाई थांबली, तर अर्धा नव्हे, सबंध कोयता थांबतो.

ही हालचाल व्यायामाच्या व्याख्येत बसत नाही. माफक हालचाल गर्भाला पोषक ठरते. दिवसभर वारंवार जड ओझे उचलल्याने मात्र गर्भपाताचा आणि अकाली प्रसूतीचा धोका काही अंशी वाढतो. खेळाडूला दम लागला की ती थांबते. तोडणीवाल्या बाईला थांबण्याची किंमत मोजावी लागते, आणि तिला खाडा म्हणतात. एका खाड्याला पाचशे रुपये वा त्याहून अधिक दंड कापला जातो, अशा तक्रारी २०१९ मध्ये उघडपणे पुढे आल्या. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीचे दिवससुद्धा जिथे नुकसानीत धरले जातात, तिथे गर्भारपणाची गणना कशात होत असेल?

कायद्याची नजरही उशिराच वळते. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्याने गर्भवतीला तिच्या मागणीवरून कष्टाच्या कामातून सूट दिली, ती प्रसूतीपूर्वीच्या सुमारे दहा आठवड्यांपुरती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद उतरली. आरंभीच्या महिन्यांत गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची रजा आहे. गर्भपात होऊ नये म्हणून त्या महिन्यांत हलके काम देण्याची सक्ती नाही. शिवाय मुकादमामार्फत आलेली बाई कागदोपत्री कारखान्याची कामगारच नसते.

राहता राहिली प्रधानमंत्री मातृवंदना योजना. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई, असा तिचा घोषित हेतू. पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. त्यांतील तीन हजार गर्भारपणाची नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर. पाचशेच्या दराने तीन हजार म्हणजे सहा खाडे. तीन महिन्यांच्या विश्रांतीचा हा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्राला पटण्याजोगा नाही. आणि तेही नाव आपल्या गावी नोंदलेले आणि बाई दोन-तीनशे मैलांवरच्या खोपीत असताना!

संपूर्ण विश्रांती देणे आज आटोक्याबाहेरचे वाटत असेल, तर निदान कामाची वाटणी बदलता येईल. तोडणे आणि मोळी बांधणे एकवेळ चालेल. मोळी डोक्यावरून वाहनात चढवणे पहिल्या तीन महिन्यांत गर्भवतीकडे नको. त्या कामासाठी टोळीत एक जादा गडी लागेल, त्याची मजुरी कारखान्याने तोडणी-वाहतुकीच्या खर्चात धरावी. गाळप सुरू होताच आशा सेविकेने खोपीवर जाऊन, कोणाची पाळी चुकली आहे याची विचारपूस बायकांतच करावी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या दिवसाचा खाडा मुकादमाने उचलीतून कापू नये. टनामागे हा खर्च किती येईल, हे कारखान्यांच्या हिशेबनिसांना सहज मांडता येईल. हंगामाचे करार मुकादमांशी होतात ते पावसाळ्यात. ही अट घालायची तर ती त्याच वेळी.