हरकती ऐकल्या, पण उत्तर कोण देणार?

१९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. २०२० साली सातारा नगरपालिकेची हद्दवाढ मंजूर झाली आणि शाहूपुरीसारख्या उपनगराची ग्रामपंचायत संपुष्टात आली. शहरे वाढणारच. शहराच्या रस्त्यांचा व बाजारपेठेचा लाभ घ्यावा, कर मात्र ग्रामपंचायतीच्या दराने द्यावा, हे अर्थशास्त्राच्या कसोटीवर फार काळ टिकणारे नाही. प्रश्न हद्दवाढीचा नसून ती ज्या रीतीने होते, त्या रीतीचा आहे.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ अन्वये शासनाला आपला इरादा आधी प्रसिद्ध करावा लागतो. नागरिकांनी किमान तीस दिवसांच्या मुदतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी व सकारण हरकती द्यावयाच्या. जिल्हाधिकाऱ्यांनी त्या शासनाकडे पाठवावयाच्या. म्हणजे कारणे देण्याचे बंधन आहे ते नागरिकावर! कल्याण-उल्हासनगर प्रकरणी १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे निर्णय कायदे करण्याच्या प्रक्रियेच्या स्वरूपाचे मानले. कायद्याने सांगितले असेल त्यापलीकडे सुनावणीचा हक्क नाही, असा त्याचा अर्थ. न्यायालयाची ही भूमिका मान्य केली, तरी लोकशाहीची गरज तेवढ्याने भागत नाही.

कारण गमावले जाते ते केवळ सरपंचपद नव्हे. ग्रामसभेत कोणताही मतदार उभा राहून खर्चाचा जाब विचारू शकतो. नगरपालिकेच्या सभेत बोलण्याचा अधिकार सदस्यांचाच. घरपट्टी वाढते ती ठरलेल्या तारखेला. नळ आणि गटारे यांना मात्र तारीख नसते. तुटपुंज्या पगारावर घर बांधलेल्या कारकुनाला किंवा शिक्षकाला हा फरक नेमका कळतो.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. इरादा जाहीर करतानाच जुन्या-नव्या करांचा तक्ता द्यावा. कोणती सोय कोणत्या वर्षी मिळेल, हे लेखी सांगावे. आणि फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीचे कारण प्रसिद्ध करावे.

याच मुलखात १९३९ साली औंधच्या अधिपतींनी कायदा करून संस्थानचा कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभा केला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्या संस्थानातील आटपाडी आणि कुंडल सांगलीत. एका राजाने स्वतःहून गावाच्या हाती सत्ता दिली. लोकनियुक्त शासनाने ती काढून घेताना निदान कारण तरी सांगावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.