ऋतुचक्रांतील अनियमितपणा

'मासिक पाळी' या शब्दांतील 'मासिक' हें विशेषण अक्षरशः घेतल्यामुळें अनेक घरांत विनाकारण काळजी उत्पन्न होते; आणि जेथें काळजी वाटावयास हवी तेथें ती पुष्कळदां वाटत नाहीं. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचें अंतर बरोबर तीस दिवसांचें असावें, असा निसर्गाचा नियम नाहीं. प्रौढ स्त्रीच्या बाबतींत तें २४ ते ३८ दिवसांपर्यंत कितीहि असूं शकतें. स्राव आठ दिवसांपर्यंत टिकला तरी तो स्वाभाविक मर्यादेंतच असतो. आणि एकाच स्त्रीच्या निरनिराळ्या चक्रांत आठवडाभराचा फरक पडला, तरी त्यास विकार म्हणत नाहींत.

समजा, एखाद्या स्त्रीचें चक्र २७ दिवसांचें आहे आणि तिची पाळी २ जानेवारीस आली. पुढची पाळी २९ जानेवारीस येईल, त्यापुढची २५ फेब्रुवारीस आणि नंतरची २४ मार्चला. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "जानेवारींत दोनदां झालें, आणि दर खेपेस तारीख अलीकडे सरकते आहे." वास्तविक हें चक्र पूर्ण नियमित आहे, कमीजास्त आहेत ते महिन्यांचे दिवस. म्हणून तारखेवरून निष्कर्ष न काढतां दिवस मोजावे, आणि ते स्राव थांबल्यापासून नव्हे, तर सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजावे.

हें चक्र चालतें कसें हें कळलें, म्हणजे तें बिघडतें कोठें हेंहि कळतें. मेंदूच्या तळाशीं पिट्युइटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि असते. मेंदूच्या आज्ञेवरून ती रक्तांत जीं संप्रेरकें सोडते, त्यांच्या प्रभावानें बीजकोशांत एक बीज पक्व होऊं लागतें. त्या बीजाभोंवतालच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात व त्याच्या योगानें गर्भाशयाचें आंतील अस्तर जाड होतें. बीज सुटल्यावर बीजकोशांत प्रोजेस्टेरॉन तयार होतें. तें या अस्तराला स्थिर ठेवतें. गर्भधारणा झाली नाहीं, तर सुमारें दोन आठवड्यांनीं प्रोजेस्टेरॉन ओसरतें, आणि आधार गेलेलें अस्तर स्रावाच्या रूपानें बाहेर पडतें. बीज पुढील पाळीच्या सुमारें चौदा दिवस आधीं सुटतें, ही गोष्ट जपानांत डॉ. क्यूसाकु ओगिनो यांनीं १९२४ मध्यें, आणि थोड्याच वर्षांनीं ऑस्ट्रियांत डॉ. हेर्मान क्नाउस यांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिली.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ असा, कीं चक्राचा उत्तरार्ध बहुतेक ठराविक असतो. लांबतो किंवा आखूड होतो तो पूर्वार्ध. पाळी लांबली याचा अर्थ बहुधा बीज उशिरां सुटलें. परीक्षेची धास्ती, घरांतील मृत्यु, मोठा ताप, कडक उपवास, रात्रपाळीचें काम, यांपैकीं कशानेंहि मेंदूची आज्ञा कांहीं दिवस अडून राहूं शकते. अशी एखादी पाळी मागेंपुढें झाली, तर त्यांत भिण्यासारखें कांहीं नसतें.

बीज मुळींच सुटलें नाहीं, तर मात्र गोष्ट निराळी होते. प्रोजेस्टेरॉनचा आधार न मिळालेलें अस्तर वाढतच राहतें आणि शेवटीं तुकड्यातुकड्यांनीं ढासळूं लागतें. दोन-तीन महिने कांहीं नाहीं आणि मग दहा-पंधरा दिवस स्राव थांबतच नाहीं, हें चित्र अनेक घरांत परिचित आहे. "सांचलेलें दूषित रक्त गेलें, बरें झालें," असें त्यावर म्हटलें जातें. परंतु शरीरांत दूषित रक्त सांचून राहत नसतें. जातें तें चांगलें रक्त, आणि त्याबरोबर शरीरांतील लोहहि जातें. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत. तथापि जिना चढतांना दम लागणाऱ्या गृहिणीला तिच्या पाळीविषयीं कोणी विचारीत नाहीं, हेंहि खरें आहे.

अनियमितपणाचा अर्थ वयाप्रमाणें बदलतो. मुलीला पाळी सुरू झाल्यावर मेंदू आणि बीजकोश यांचा मेळ जमावयास दोन-तीन वर्षें लागतात. या काळांत २१ ते ४५ दिवसांचें अंतर नेहमींचेंच होय. मात्र पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाहीं, स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षें लोटलीं तरी ती आली नाहीं, किंवा दोन पाळ्यांत नव्वद दिवसांहून अधिक अंतर पडलें, तर "लग्न झालें कीं सुरळीत होईल" या भरंवशावर राहूं नये. लग्नानें बीजकोशाचें कार्य सुधारत नाहीं. तपासणी तेवढी लांबणीवर पडते.

पहिल्याच पाळ्यांपासून अतिशय रक्त जात असेल आणि नाकांतून किंवा हिरड्यांतूनहि सहज रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याच्या क्रियेंत जन्मजात दोष असण्याचा संभव असतो. फिनलंडमधील डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनीं १९२६ मध्यें अशा एका कुटुंबाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील एक मुलगी आपल्या चौथ्या ऋतुस्रावांत रक्तस्रावानें दगावली होती. आज हा दोष रक्ताच्या तपासणीनें ओळखतां येतो व त्यावर उपचारहि आहेत. पण मुलीला किती रक्त जातें हें आईला ठाऊक असेल, तरच ती तपासणी होते.

तारुण्यांत पाळी चुकली, तर पहिला विचार गर्भधारणेचा करावा, मग कुटुंबनियोजनाचें साधन वापरांत असो वा नसो. पाळी चुकलेली असतां ओटीपोटांत एका बाजूस तीव्र वेदना होऊं लागल्या, चक्कर आली, किंवा थोडा स्राव दिसूं लागला, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळींत, रुजलेला असूं शकतो. नळी फुटल्यास पोटांत रक्तस्राव होऊन प्राणावर बेततें. अशा वेळीं सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

गर्भ राहिलेला नसेल, तर इतर कारणांकडे वळावें. थायरॉइड ग्रंथीचें काम मंद किंवा जलद झाल्यास, दूध उत्पन्न करणारें प्रोलॅक्टिन हें संप्रेरक अवेळीं वाढल्यास, वजन फार घटल्यास किंवा फार वाढल्यास पाळी बिघडते. मानसिक विकारांवरील कांहीं औषधें, गर्भनिरोधक इंजेक्शनें व तातडीची गर्भनिरोधक गोळी यांनींहि ती मागेंपुढें होते. तांबीमुळें स्राव वाढूं शकतो. गर्भाशयांतील फायब्रॉइडच्या गांठी किंवा अस्तरावरील पॉलिप यांमुळें स्राव जास्त होतो किंवा मधल्या दिवसांत रक्त दिसतें. समागमानंतर रक्त दिसणें हें मात्र गर्भाशयमुखाची तपासणी करण्याचें कारण आहे. त्या ठिकाणच्या कर्करोगाचें तें एक लक्षण असूं शकतें.

अलीकडे घरोघरीं ज्याचें नांव ऐकूं येतें, त्या पीसीओएस या विकाराचें वर्णन शिकागो येथील डॉ. स्टाइन आणि डॉ. लेव्हेंथल यांनीं १९३५ मध्यें सात स्त्रियांच्या अभ्यासावरून केलें. लांबणाऱ्या पाळ्या, चेहऱ्यावरील राठ केस, मुरुम किंवा रक्ततपासणींत आढळणारें पुरुषी संप्रेरकांचें आधिक्य, आणि सोनोग्राफींत बीजकोशांत दिसणारे अनेक बारीक फुगे, या तिहींपैकीं दोन गोष्टी असल्या व दुसरें कारण सांपडलें नाहीं, म्हणजे प्रौढ स्त्रीच्या बाबतींत हें निदान करतात. या फुग्यांना लोक 'गांठी' म्हणतात व भितात. त्या कर्करोगाच्या गांठी नव्हेत; पूर्ण न वाढलेल्या बीजांचीं तीं घरें असतात. कोवळ्या वयाच्या मुलींत तर असें चित्र स्वाभाविकपणेंहि दिसतें, म्हणून केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून त्यांना विकाराचें नांव देणें बरोबर नाहीं. हा विकार म्हणजे वंध्यत्वहि नव्हे. बीज सुटण्यास मदत करणारीं औषधें उपलब्ध आहेत. परंतु त्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढें मधुमेहाचा धोका वाढतो, आणि महिनोन् महिने न पडलेलें अस्तर पुढें घातक वळण घेऊं शकतें. वजन जास्त असल्यास तें थोडें कमी झालें तरी पुष्कळ जणींत पाळी सुधारते.

चाळिशीनंतर बीजकोशाचें काम मंदावूं लागतें व अंतरें पुन्हां अनियमित होतात. पाळ्या विरळ होत जाऊन थांबणें, हा निवृत्तीचा नेहमींचा मार्ग होय. पण स्राव अधिक होणें, वारंवार होणें किंवा दोन पाळ्यांच्या मधें होणें, याला "वयाचेंच आहे" म्हणून सोडून देऊं नये. पंचेचाळिशीनंतर असें घडल्यास डॉक्टर अस्तराचा लहानसा नमुना घेऊन तपासतात. उलटपक्षीं, चाळिशीच्या आंतच पाळी बंद झाली, तर त्याचीहि तपासणी व्हावी, कारण हाडें आणि हृदय यांना इस्ट्रोजेनचें संरक्षण फार लवकर गमवावें लागतें.

पाळी सलग बारा महिने आली नाहीं, म्हणजे निवृत्ति झाली असें मानतात. त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ती पाळी नव्हे. "पाळी परत आली" असें म्हणून संकोचानें तें लपविणाऱ्या आजी आणि मावश्या अनेक घरांत आहेत. अशा स्त्रियांपैकीं बहुतेकींत कारण साधें निघतें. परंतु सुमारें दहांत एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. तो लवकर सांपडला, तर शस्त्रक्रियेनें बहुधा पूर्ण बरा होतो. येथें एका महिन्याचीहि ढकलाढकल करूं नये.

एरवींहि डॉक्टरांकडे जाण्याचीं कारणें मोजकींच आहेत. पूर्वीं नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाहीं. अंतर वारंवार २४ दिवसांहून कमी किंवा ३८ दिवसांहून अधिक पडूं लागलें. स्राव आठ दिवसांपलीकडे लांबला. पाळीबरोबर असह्य वेदना होऊं लागल्या. किंवा थकवा, धाप व फिकटपणा दिसूं लागला, तर कांहीं दिवसांत डॉक्टरांची भेट घ्यावी. तासाला एक पॅड पूर्ण भिजण्याइतका स्राव दोन-तीन तास सुरू राहिला किंवा घेरी आली, तर मात्र त्याच घटकेला जावें.

डॉक्टरांकडे काय होईल, या धास्तीनेंहि पुष्कळजणी थांबतात. प्रथम प्रश्न विचारले जातात. मग गरोदरपणाची चांचणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड व प्रोलॅक्टिन यांची रक्ततपासणी आणि बहुधा सोनोग्राफी होते. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच करतां येते, आणि आंतील तपासणी संमतीवांचून होत नाहीं. लाजेचा हा अडथळा जुना आहे. मुंबईचें कामा रुग्णालय १८८६ मध्यें सुरू झालें, तेंच मुळीं स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावे म्हणून. आज शहरांतून स्त्री-डॉक्टर सहज भेटतात. संकोच उरला आहे तो घरांतला.

दोन घाईच्या उपायांविषयीं सावध राहिलें पाहिजे. गौरीगणपति किंवा लग्नकार्य आलें, म्हणजे पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या दुकानांतून परस्पर आणल्या जातात. या गोळ्या संप्रेरकांच्याच असतात. रक्ताची गुठळी होण्याचा पूर्वेतिहास किंवा यकृताचा विकार असलेल्या स्त्रियांना त्या अपायकारक ठरूं शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नयेत. दुसरा उपाय "पिशवी काढून टाकण्याचा". बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची २०१९ मध्यें पाहणी झाली, तेव्हां १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांच्यामागें पोटाची निकड होती. शहरांतील सुखवस्तु घरांतहि कटकट संपावी म्हणून हा सल्ला स्वीकारला जातो. कर्करोग नसेल, तर गोळ्या, अस्तर पातळ ठेवणारी संप्रेरकयुक्त तांबी किंवा केवळ गांठ काढणें यांनीं पुष्कळदां भागतें. हे मार्ग कां चालणार नाहींत, हें विचारल्यावांचून आणि दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्यावांचून शस्त्रक्रियेस होकार देऊं नये.

या सर्वांत घराकडून अपेक्षित असलेली गोष्ट लहान आहे. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख लिहिली जाते. त्याच पानावर पाळी सुरू झाल्याच्या दिवशीं एक खूण, ती संपल्यावर दुसरी, आणि स्राव फार झाला त्या दिवसावर एक रेघ, एवढेंच लिहावें. सहा महिन्यांचीं हीं पानें डॉक्टरांपुढें ठेवलीं, तर आठवणीवर विसंबून दिलेल्या उत्तरांपेक्षां त्यांचा उपयोग अधिक होतो. मुलीला ही नोंद ठेवावयास आईनें पहिल्याच पाळीपासून शिकवावें, आणि स्वतःची नोंदहि निवृत्तीपर्यंत सोडूं नये.