पुढचे शॉकप

सकाळी ७.३०
गॅरेजचं शटर अर्धं वर गेलं तेव्हाच एक स्प्लेंडर दारात येऊन थांबली. हिरो आणि होंडाची २०१०-११ मध्ये फारकत झाली, त्याच्या आधीची गाडी. मागच्या कॅरिअरवर केळीच्या पाल्याचे तुकडे अडकलेले. अर्धापूरच्या शिवारातल्या गाड्या अशाच येतात. बागेतून सडकेपर्यंत केळीचे घड, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, सगळं हिच्यावरच.

"मिस्त्री, पुढून लई आपटायली. ब्रेक मारला की तोंडावर पडल्यावानी होतंय. तेल बी गळायलंय."

"कव्हापासून, मामा?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

म्हणजे दोन-तीन महिने मामा याच गाडीवर नांदेडला जाऊन येत होते. हिंगोलीकडून आणि हदगावकडून येणारी वाहतूक अर्धापुरातूनच नांदेडकडे जाते, त्या रस्त्यावर. मला काळजी वाटते ती याचीच. इंजिन बिघडलं तर गाडी बंद पडते आणि माणूस ती ढकलत गॅरेजला आणतो. शॉकप गेले तरी गाडी चालतच राहते.

सकाळी ८.००
खोलायच्या आधी तपासणी. पुढचा ब्रेक दाबून हँडल जोरात खाली दाबलं. गाडी एकदम खाली बसली आणि दोन-तीनदा वरखाली होत राहिली. चांगला शॉकप खाली जातो, एकदाच वर येतो आणि थांबतो. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि दोन्ही बॉटम, म्हणजे शॉकपच्या खालच्या नळ्या, हातात धरून पुढे-मागे हलवले. खटखट आली. ही खटखट कोनसेटची, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचीही असू शकते, म्हणून टी-स्टेमच्या सांध्यावर बोट ठेवून पुन्हा हलवलं. सांधा गप्प होता, खेळ खालीच होता. ही एक मिनिटाची तपासणी न केल्यामुळे कितीतरी लोकांचा चांगला कोनसेट उगाच बदलला जातो.

सकाळी ९.००
चाक, ब्रेकची केबल, मीटरची केबल, मडगार्ड काढलं. वरचे बोल्ट मात्र शॉकपचा पाईप क्लॅम्पमध्ये आवळलेला असतानाच सैल करायचे. पाईप मोकळा झाला की तो हातात फिरतो आणि बोल्ट हलत नाही. शेवटच्या आट्याला बोल्टवर जाड फडकं धरायचं, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते. शिकाऊ पोराला मी हे दर वेळी सांगतो, डोळ्याचा प्रश्न आहे.

तेल ओतलं. तेल कसलं, राखाडी चिखल. त्यात पाणी होतं आणि अ‍ॅल्युमिनियमची चमकही.

धक्का झेलते ती स्प्रिंग. तेलाचं काम तिला आवरायचं. आतल्या रॉडच्या बारीक छिद्रांतून तेल दाबाने जातं आणि स्प्रिंगची उसळी तिथे मरते. तेलाने आवरला जाणारा असा दुर्बिणीसारखा फोर्क १९३५ साली बीएमडब्ल्यूच्या आर १२ गाडीवर आला, आणि आजही अर्धापुरातल्या जवळपास प्रत्येक मोटारसायकलीत तीच युक्ती आहे. तेल गेलं की उरते नुसती स्प्रिंग. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, आणि नेमकं तेव्हाच ते चाक रस्त्यावर टेकून राहायच्या ऐवजी उड्या मारतं. भिजलेल्या डांबरावर अशा चाकाला पकड कुठून मिळणार?

दुपारी १२.००
पाईप डिझेलमध्ये धुऊन पुसले आणि सपाट फरशीवर लोळवले. एक सरळ होता. दुसऱ्याखाली एका ठिकाणी उजेड दिसला. होंडाच्या सर्व्हिसच्या पुस्तकांत फोर्कच्या पाईपला साधारण ०.२ मिलिमीटरपर्यंतच वाक चालतो. डोळ्याला उजेड दिसला म्हणजे पाईप वाकलेला आहेच.

"नुसते सील टाका ना, मिस्त्री. भागंल तेवढ्यात."

मी मामांचा अंगठा धरला आणि नख पाईपवरून वरून खाली फिरवायला लावलं. सील जिथे घासतं तिथे नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. आपल्याकडची काळी माती ओली असताना पाईपला चिकटते, वाळून दगड होते आणि ओल धरून ठेवते. क्रोमला बारीक टोचा पडतात. मग दर खड्ड्याला ती टोच सीलच्या ओठावरून कानशीसारखी जाते. अशा पाईपवर नवं सील घालणं म्हणजे मामांचे पैसे मातीत घालणं. ते काम मी करत नाही.

बॉटमही आतून खाल्लेला निघाला. बऱ्याच लहान गाड्यांत पाईप थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये सरकतो, वेगळा बुश नसतोच. तो झिजला की बॉटमच बदलावा लागतो. वाकलेला पाईप प्रेसवर सरळ करून देणारे आहेत, पण एकदा वाकलेला पाईप सरळ केला तरी पुन्हा तिथेच वाकतो. मामा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "टाका दोन्ही नवे."

जोडीनेच टाकायचे. एक कडक आणि एक मऊ झाला तर खड्ड्यात हँडल एका बाजूला ओढतं.

दुपारी २.३०
सामान नांदेडहून जीपने आलं. तोवर एक पंक्चर आणि दोन क्लच केबल झाल्या. नवे पाईपही फरशीवर लोळवून पाहिले, डब्यावर नाव कोणाचंही असो.

पाईपच्या तोंडावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवली, तिच्यावरून सील सरकवलं म्हणजे ओठ कापत नाही. सीलवरची अक्षरं वर, स्प्रिंगची बाजू खाली. जुनं सील वर ठेवून चहूबाजूंनी हलकं ठोकलं, लॉक खाचेत बसल्याचा आवाज ऐकला. खालच्या बोल्टला तांब्याचं नवं वायसर.

तेल मापानेच घातलं, कंपनीने सांगितलेलं, दोन्हीकडे सारखं. "थोडं जास्त टाका, कडक राहील" हा सल्ला रोज कोणीतरी देतं. जास्त तेल टाकलं की वरची हवेची जागा कमी होते, दाब वाढतो आणि नवं सील फुटतं. इंजिनचं काढलेलं तेल तर शॉकपमध्ये घालूच नये.

संध्याकाळी ५.३०
चाक बसवलं, पण क्लॅम्पचे बोल्ट लगेच आवळले नाहीत. गाडी जमिनीवर घेतली, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-बारा वेळा दाबलं. दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसले, मग आवळलं. बायपासपर्यंत चक्कर मारली. गतिरोधकावर गाडी बसली, उठली, थांबली. मामांनी स्वतः चालवून पाहिली आणि पाईपवर रबरी बूटही टाकायला सांगितले. बजाजच्या सीटी ११० ला ते कंपनीतूनच आलेले असतात. शेतात जाणाऱ्या प्रत्येक गाडीला असावेत.

रात्री ८.००
हिशेब झाला. तुमच्या गाडीच्या पाईपवर तेलाचं कडं दिसत असेल तर उद्या सकाळी त्यावरून नख फिरवून बघा. अडकलं, तर दिवाळीची वाट पाहू नका. आणि पावसाळ्यात शेतातून आलात की गाडी धुवायला वेळ नसला तरी चालेल, तेवढे दोन पाईप ओल्या फडक्याने पुसून ठेवा.