छटांचे केशरंजन : आधी मेंदीची चौकशी

मुळाशी गडद आणि टोकाकडे हळूहळू फिकट होत जाणारी केसांची छटा हल्ली सलूनमध्ये मागितली जाते. तिला ‘बलायाज’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतील ‘झाडणे’ या क्रियापदावरून आला. ब्रश केसांवरून झाडल्यासारखा ओढतात, म्हणून हे नाव.

काम फायद्याचे आहे, पण जोखमीचेही. काळे केस नुसत्या रंगाने फिकट होत नाहीत. ब्लीच पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावावेच लागते. आपल्या घरांत तर मेंदीचा वापर मोठा. राजस्थानातील सोजतची शुद्ध मेंदी केसांना तांबूस रंगच देते. मात्र ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांवर पेरॉक्साइड पडले की केस तापतात आणि तुटतात.

म्हणून कारागीर बंधूंना आम्ही सुचवतो की, आधी गिऱ्हाइकाला मेंदीबद्दल विचारा. शंका वाटल्यास चार केस कापून, अमोनियाचे काही थेंब टाकलेल्या ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवा. द्रव तापला किंवा केसांचा रंग भलताच पालटला, तर काम नम्रपणे नाकारा. एका दिवसाची मजुरी जाईल, पण भरवसा राहील. धंद्यात बरकत भरवशानेच येते.