२०.०६ सेकंदांची छप्पन्न वर्षं

त्या फोटोत तीन माणसं आहेत. मागच्या दोघांच्या मुठी वर, माना खाली. पुढे एक गोरा धावपटू, हात सरळ सोडलेले, नजर समोर. कॉलेजात असताना मी हा फोटो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्या तिसऱ्याबद्दल मला काहीच वाटलं नव्हतं. पदक मिळालं म्हणून उभा राहिलेला, पाठीमागे काय चाललंय याचा पत्ता नसलेला कुणीतरी, एवढीच माझी समजूत. ती किती चुकीची होती हे फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही एका आकड्याच्या मागे लागल्यामुळे. २०.०६ हा तो आकडा. ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांच्या २०० मीटर धावण्याचा राष्ट्रीय विक्रम. १६ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटीत नोंदला गेला आणि डिसेंबर २०२४ पर्यंत जागचा हलला नाही.

फोटो शर्यतीनंतरचा आहे, आणि शर्यत मात्र त्याच्या सावलीत गेली. म्हणून आधी शर्यत.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचावर. तिथली हवा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने विरळ. लांब पल्ल्याच्या धावपटूंचा तिथे जीव मेटाकुटीला आला, पण वीस सेकंदांत काम आटोपणाऱ्याला प्राणवायूची चणचण भासत नाही. उलट अंगावर येणारी हवा कमी अडवते. त्यात ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच मातीमिश्रित कोळशाच्या भुग्याऐवजी टार्टनचा कृत्रिम ट्रॅक घातलेला. १४ ऑक्टोबरला जिम हाइन्स १०० मीटर ९.९५ सेकंदांत धावला. १८ ऑक्टोबरला ली इव्हान्सने ४०० मीटर ४३.८६ सेकंदांत संपवली आणि त्याच दिवशी बॉब बीमनने ८.९० मीटरची ती अचाट लांब उडी मारली. २०० मीटरची अंतिम फेरी या दोन दिवसांच्या मधली.

टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, दोघेही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेटचे. तिथले प्रशिक्षक बड विंटर यांनी इतके वेगवान धावपटू घडवले की त्या महाविद्यालयाला ‘स्पीड सिटी’ म्हणत. स्मिथ टेक्ससमधल्या शेतमजुराच्या घरचा, बारा भावंडांतला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात कापूस वेचायला आलं. कार्लोस न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, वडील बूट दुरुस्त करणारे. सप्टेंबरमध्ये एको समिटच्या निवड चाचणीत कार्लोसने १९.९२ अशी वेळ दिली होती. ती विश्वविक्रम ठरली असती. पण त्याच्या बुटांना नेहमीच्या मोजक्या खिळ्यांऐवजी ब्रशसारखे बारीक खिळे होते, नियमात न बसणारे. विक्रम मान्य झाला नाही.

तिसरा पीटर नॉर्मन. मेलबर्नच्या कोबर्ग भागातला, साल्व्हेशन आर्मीच्या धार्मिक वातावरणात वाढलेला. आधी खाटकाच्या हाताखाली काम शिकला, मग शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झाला. वय २६. स्मिथ सव्वासहा फुटी. नॉर्मन त्याच्यापुढे बेताच्याच उंचीचा. अमेरिकनांच्या हिशेबात तो नव्हता. पहिल्याच फेरीत त्याने २०.१७ची वेळ देऊन ऑलिंपिक विक्रम केला, तेव्हा लोकांनी त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत शोधलं असेल.

उपांत्य फेरीत स्मिथचा जांघेचा स्नायू दुखावला. तो अंतिम फेरीत उतरतो की नाही अशी स्थिती. बर्फ लावून, पट्टी आवळून तो उतरला. तिसरी लेन स्मिथची, चौथी कार्लोसची, सहावी नॉर्मनची.

चुन्याने आखलेल्या मैदानावर ज्यांनी कधी २०० मीटर पळून पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल, या शर्यतीत वळण फसवं असतं. वळणावर कोण पुढे आहे ते पळणाऱ्यालाही नीट कळत नाही. सरळ पट्ट्यावर आलं की एकदम खरा हिशेब समोर येतो. त्या दिवशी वळण संपलं तेव्हा पुढे कार्लोस होता. नॉर्मन बराच मागे. मग स्मिथचे लांब पाय सुटले. मी ही चित्रफीत किती वेळा पाहिली असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी डोळे आपोआप स्मिथकडेच जातात, इतका तो देखणा पळतो. दुखऱ्या मांडीचा मागमूस नाही. रेषेच्या काही मीटर आधीच त्याने दोन्ही हात वर केले आणि तरीही वेळ १९.८३. वळणासह २०० मीटर वीस सेकंदांच्या आत, अधिकृत विश्वविक्रमाच्या वहीत पहिल्यांदाच.

पण एकदा फक्त सहाव्या लेनकडे बघावं. कार्लोसची मान शेजारून निघून गेलेल्या स्मिथकडे वळते. तेवढ्यात बाहेरच्या बाजूने नॉर्मन येतो. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये बाकीचे मंदावत असताना हा एकटाच तसाच रेटत येतो आणि शेवटच्या पावलावर कार्लोसला मागे टाकतो. नॉर्मन २०.०६, कार्लोस २०.१०. चौथा आलेला त्रिनिदादचा एडविन रॉबर्ट्स २०.३४. पहिले तिघे आणि उरलेले पाच यांच्यात एवढी दरी होती.

पदकं मिळायच्या आधीची काही मिनिटं मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. खेळ सुरू व्हायच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, मेक्सिको सिटीतच त्लातेलोल्कोच्या चौकात निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलं, त्यामुळे ती मूठ पाहिली की मराठी माणसाला आधी पँथर आठवतात. स्मिथ आणि कार्लोस मात्र ब्लॅक पँथर पक्षाचे नव्हते. समाजशास्त्राचे अध्यापक हॅरी एडवर्ड्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’चे ते. मागण्या अगदी ठोस: वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया यांना खेळांत घेऊ नका, मुहम्मद अलीचा काढून घेतलेला किताब परत द्या, जास्त कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमा, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना दूर करा.

दोघांनी आपण काय करणार ते नॉर्मनला सांगितलं. मानवी हक्कांवर तुझा विश्वास आहे का, असं विचारलं. त्याने हो म्हटलं. देवावर? त्यावरही हो. मी तुमच्याबरोबर उभा राहीन, असं तो म्हणाल्याचं कार्लोस पुढे आयुष्यभर सांगत राहिला. मुठींवरचे हातमोजे काळ्या चामड्याचे, एकच जोडी. कार्लोसचे खेळाडूंच्या वसतिस्थानी राहून गेलेले. जोडी वाटून घ्या, हे सुचवणारा नॉर्मनच. म्हणून स्मिथची उजवी मूठ वर आहे आणि कार्लोसची डावी. नॉर्मनला स्वतःला छातीवर लावायला त्या चळवळीचा बिल्ला हवा होता. अमेरिकेच्या नौकानयन संघातला पॉल हॉफमन नावाचा गोरा तरुण तिथे होता. त्याने आपला काढून दिला. त्या फोटोत नॉर्मनच्या छातीवर डाव्या बाजूला जो पांढरा ठिपका दिसतो तो हा बिल्ला. कॉलेजातल्या त्या छापील चित्रात मला तो दिसलाच नव्हता.

अमेरिकेचे दोघे मंचावर बुटांशिवाय चढले, पायात नुसते काळे पायमोजे, गरिबीची खूण म्हणून. राष्ट्रगीत सुरू झालं, मुठी वर गेल्या. स्टेडियममधून हुर्यो उठली. ब्रंडेज यांनी दोघांना संघाबाहेर काढायला सांगितलं. अमेरिकी समिती आधी नाही म्हणाली, मग अख्ख्या संघावर गदा येईल असं दिसताच झुकली. दोन दिवसांत दोघांची रवानगी. पदकं परत घेतली, असं अजूनही अनेक ठिकाणी छापून येतं. ते खरं नाही. पदकं त्यांच्याकडेच राहिली. राहिली नाहीत ती शर्यती, नोकऱ्या आणि घरातली शांतता. दोघांनाही धमक्या येत राहिल्या. स्मिथ पुढे शिकवू लागला, कार्लोसही बऱ्याच वर्षांनी एका शाळेत स्थिरावला.

नॉर्मनला कुणी हाकललं नाही. त्याच्या बाबतीत घडलं ते सांगायला अवघड आहे, कारण त्याला ठळक तारीख नाही. संघव्यवस्थापकांनी समज दिली, एवढंच तेव्हाचं. पुढे १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाने त्याला पाठवलं नाही. पात्रतेची वेळ त्याने वारंवार दिली होती. निवडीच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र तो तिसरा आला होता. ऑस्ट्रेलियाची ऑलिंपिक समिती याच तिसऱ्या क्रमांकाकडे बोट दाखवते आणि शिक्षा केली नाही असं म्हणते. कागद पाहिला तर ती खोटं बोलते असं मला म्हणता येणार नाही. पण जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूला, देशाच्या विक्रमवीराला, एका शर्यतीच्या निकालावर घरी ठेवायचं आणि मग त्याच्याबद्दल दशकानुदशकं गप्प राहायचं, याला नुसता निवडीचा निकष म्हणणंही मला जमत नाही. म्यूनिक हुकलं आणि त्याची मोठी कारकीर्द संपली.

आकडा मात्र वहीत होता. सुरुवातीला तर २०.०६ असाही नव्हता; त्या काळी अधिकृत वेळ दशांशाच्या एका घरापर्यंत देत, म्हणून स्मिथ १९.८ आणि नॉर्मन, कार्लोस दोघेही २०.०. पुढे शतांश ग्राह्य धरले गेले, तेव्हा त्याला तो ‘सहा’ चिकटला. स्मिथचा विश्वविक्रम १९७९ मध्ये इटलीच्या पिएत्रो मेन्नेआने त्याच मेक्सिको सिटीत मोडला, १९.७२. मायकेल जॉन्सनने १९९६ मध्ये अटलांटात तो १९.३२ वर नेला, उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १९.१९ वर. जग पुढे गेलं. ऑस्ट्रेलिया त्या सहाव्या लेनपुढे गेली नाही.

२००० मध्ये सिडनीला ऑलिंपिक भरलं. पुरुषांच्या २०० मीटरचं सुवर्ण ग्रीसच्या कोन्स्टान्टिनोस केन्टेरिसने जिंकलं, २०.०९ सेकंदांत. बत्तीस वर्षांपूर्वीची नॉर्मनची वेळ त्याहून सरस. तुलना सरळ नाही हे मला कबूल आहे. सिडनी समुद्राकाठी आहे आणि मेक्सिकोची विरळ हवा नॉर्मनला नक्कीच कामाला आली होती. तरीही आपल्याच देशात खेळ भरलेले असताना आपलीच जुनी वेळ सुवर्णाच्या पुढे उभी असलेली पाहताना त्या माणसाला काय वाटलं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही. मधल्या काळात त्याने बरंच सोसलं होतं. १९८५ मध्ये टाचेच्या शिरेची दुखापत चिघळून गँगरीन झालं, पाय कापावा लागेल अशी पाळी आली. पाय वाचला, दारू आणि नैराश्याने मात्र त्याला बराच काळ धरून ठेवलं.

२००५ मध्ये सॅन होजे स्टेटच्या आवारात त्या क्षणाचं शिल्प उभं राहिलं. स्मिथ आहे, कार्लोस आहे. दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संताप आला होता, इथेही त्याला वगळलं म्हणून. मग कळलं, ती जागा रिकामी ठेवा असं नॉर्मननेच सांगितलं होतं. येणाऱ्या माणसाला त्या दोघांच्या शेजारी उभं राहता यावं, ही त्याची इच्छा. अनावरणाला तो स्वतः हजर होता. आज विद्यार्थी त्या पायरीवर चढतात, उभे राहून फोटो काढतात.

पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर २००६ ला, मेलबर्नमध्ये हृदयविकाराने तो गेला. वय ६४. अंत्ययात्रेत शवपेटीला पुढे खांदा दिला तो स्मिथ आणि कार्लोसने. दोघे अमेरिकेहून त्यासाठी आले होते.

मग देशाला जाग आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून त्याची माफी मागितली. वारंवार पात्र ठरूनही १९७२ ला न पाठवल्याचा त्यात उल्लेख आहे. तिथल्या ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिला. २०१९ मध्ये मेलबर्नच्या लेकसाइड स्टेडियमबाहेर पुतळा बसला, पदकमंचावर उभा असलेल्या नॉर्मनचा. संसदेतल्या चर्चेच्या वेळी त्याची म्हातारी आई हजर होती, याने मला पुतळ्यापेक्षा जास्त हलवलं.

१९६८ मध्ये नॉर्मनचा स्वतःचा देश गोऱ्यांनाच वसू देणाऱ्या धोरणातून पुरता बाहेर आलेला नव्हता. ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ म्हणत त्याला. त्याचे शेवटचे अवशेष १९७३ मध्ये हटवले गेले. नॉर्मनचा त्या धोरणाला विरोध होता, आणि तो बिल्ला लावताना त्याच्या मनात केवळ अमेरिका नव्हती.

७ डिसेंबर २०२४ ला ब्रिस्बेनमध्ये शालेय राष्ट्रीय स्पर्धा चालू होत्या. २०० मीटरच्या अंतिम फेरीत सोळा वर्षांचा एक मुलगा वळणावरून सुटला आणि सरळ पट्ट्यावर एकटाच उरला. घड्याळाने २०.०४ दाखवलं. गाउट गाउट त्याचं नाव. जन्म इप्सविचचा, नॉर्मन गेल्यानंतर पंधराएक महिन्यांनी. आई-वडील दक्षिण सुदानमधून ऑस्ट्रेलियात आलेले.