पांझरेचे बंधारे आणि फडाची राखण

पांझरा नदी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात उगम पावते, पिंपळनेर, साक्री, धुळे अशी पूर्वेला येते आणि मग उत्तरेला वळून शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. या वाटेवर तिला जागोजागी दगडी बंधारे घातलेले आहेत. बुटके, जाड, चुन्यात बांधलेले. पूर आला की ते दिसतही नाहीत. पाणी ओसरले की पात्रात आडवी काळी भिंत वर येते. तिच्या एका कडेला पाटाचे तोंड असते आणि त्या तोंडातून निघणाऱ्या पाण्यावर गावाची सगळी बागायत उभी असते. हे तीन-चारशे वर्षांपासून चालत आले आहे. पांझरेवर, आणि नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांवर. याला फड पद्धत म्हणतात.

ही पद्धत इथेच का रुजली, ते पावसाकडे पाहिले की कळते. धुळ्याचा पाऊस सरासरी 600 मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. पण साक्रीच्या पश्चिमेचे डोंगर त्याहून पुष्कळ जास्त भिजतात. तिथले पाणी पावसाळा संपल्यावरही काही महिने नदीतून वाहत राहते आणि कोरड्या खोऱ्यातून जाते. ते साठवायला मोठी भिंत बांधण्याची ऐपत गावांकडे नव्हती, तशी गरजही नव्हती. वाहते पाणी थोडे उचलून काठावर काढले की काम होत होते.

बंधाऱ्याची जागा निवडणे हे यातले सर्वांत मोठे शहाणपण. नदीच्या पात्रात जिथे खडक उघडा पडला आहे तिथेच बंधारा बसवला. वाळूवर पाया घातला असता तर एका पुरात खालून माती कोरली गेली असती. शिवाय उंची मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे पूर भिंतीच्या सगळ्या लांबीवरून निघून जातो. या भिंतीला वेगळा सांडवा लागत नाही, ती सगळीच सांडवा आहे. 1872 च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणेला आलेल्या पुराने धुळ्यात शेकडो घरे नेली. असे पूर अंगावरून घालवत हे बंधारे पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. मातीच्या धरणाचे याच्या उलट असते. त्याच्या माथ्यावरून एकदा पाणी गेले की भराव धुपायला लागतो आणि मग काही तासांचाच प्रश्न उरतो.

बंधाऱ्यापासून निघणारा मुख्य पाट 2 ते 12 किलोमीटर लांबीचा असतो आणि सेकंदाला सुमारे 450 लिटर पाणी नेतो. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग, आणि जास्तीचे पाणी पुन्हा नदीकडे सोडणारे सांडम. बारमाही बागायतीचे क्षेत्र बहुधा चार फडांत विभागलेले. एक फड 10 हेक्टरांचा असू शकतो, तसा 200 हेक्टरांचाही. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकदोन फडांत ऊस, बाकीच्यांत गहू-बाजरीसारखी हंगामी पिके, आणि दरवर्षी फेरपालट. त्यामुळे जमिनीचा कस टिकतो, आणि एकाच जागी सतत पाणी मुरून जमीन चोपण होण्याचा धोका टळतो.

मला या रचनेतली सर्वांत थोर गोष्ट वाटते ती टंचाईच्या वर्षाची. पाणी कमी आहे असे दिसले की गाव बसते आणि यंदा कोणते फड भिजवायचे, कोणते पडीक ठेवायचे ते ठरवते. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असल्याने एखादा फड बंद झाला तरी कोणी एकटा उपाशी राहत नाही. तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. आज आपण पाण्याच्या न्याय्य वाटपावर परिषदा भरवतो. सामोडे, न्याहळोद यांसारख्या गावांत तो न्याय शेताच्या बांधावर चालत होता.

हे चालवणारी माणसे गावातलीच. निर्णय पंचांचा. पाणी प्रत्यक्ष फिरवायचे काम पाटकऱ्याचे. कोणाच्या वाफ्यात किती वेळ, चारी कधी मोडायची, कधी बांधायची, हे तो पाही. शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नाही, हा कडक नियम. जागल्या उभ्या पिकाची राखण करी, आणि या सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. मेहनतान्याची सोय शेतकरीच करीत, बरेचदा धान्याच्या रूपात. पावसाळा संपला की पाटातला गाळ काढायला, भगदाडे बुजवायला घरटी माणूस येई.

या व्यवस्थेत पाण्याचा हिशेब होता, तसा सुरक्षिततेचाही होता. पाटकरी दिवसातून कितीदा तरी पाटाच्या तोंडापर्यंत जाई. चुना कुठे सुटला, दगड कुठे हलला, काठाच्या मातीत खेकड्याने किंवा उंदराने बीळ केले का, हे त्याला वेगळी तपासणी न करता कळे. त्याचे पोट त्या भिंतीवर असे.

ब्रिटिश अमदानीत या खोऱ्यात एक तरुण अभियंता आला. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. साक्री तालुक्यात दातर्तीजवळ पाटाचे पाणी पलीकडे न्यायला त्यांनी नळाचा सायफन बांधला. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली, तिच्यात ठरावीक क्षेत्र आणि ठरावीक पीक-फेर यांची सांगड आहे. फड पाहिलेल्या माणसाला ती अनोळखी वाटत नाही.

बंधाऱ्याचा उपयोग शेताएवढाच राहिला असता तर गावांनी त्याला इतका जीव लावला नसता. भिंतीमागे साचलेल्या डोहावर गुरे पाण्याला येतात, पोळ्याला बैल धुतले जातात, भिल्ल आणि भोई मासे धरतात. श्रावणात कानबाईचे विसर्जन याच पाण्यात. काठच्या विहिरींना पाझर मिळतो. एका बंधाऱ्याखालच्या जमिनीत मुरलेले पाणी थोडे खाली पुन्हा नदीत उतरते आणि पुढच्या बंधाऱ्याला मिळते. म्हणून बंधारे एका साखळीत आहेत. वरचे गाव पाणी घेते तेव्हा खालच्या गावाची थोडी सोयही करत असते. गावतळी आणि लघु तलाव आटू लागले की उघड्या पडलेल्या ओलीत गाळपेर होते. त्यांतला गाळ उन्हाळ्यात शेतात नेण्याची जुनी रीत सरकारने 2017 मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत आणली.

मग ही फड पद्धत मोडकळीला का आली? वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगाव, जामखेलीसारखी धरणे झाली, खाली अक्कलपाडा झाले. नदीचे वाहते पाणी अडले आणि बंधाऱ्याला पाणी कधी मिळणार हे गावाच्या हातात राहिले नाही. विहिरीवर मोटार बसली तसा ज्याच्या त्याच्या शेतात पाणी आले, मग पंचांच्या बैठकीला कोण बसणार? पाटकऱ्याचे धान्य बंद झाले. त्यातच पांझरा, गिरणा, तापी यांच्या पात्रांतून वाळूचा उपसा सुरू झाला. याला मी सर्वांत घातक मानतो. भिंतीच्या खालच्या अंगाची वाळू काढली की पात्र खोल होते, वरून पडणारे पाणी जास्त जोराने आदळते आणि खडकाच्या फटीतून पायाकडे शिरते. शतकांचे पूर सोसलेली भिंत अशी काही वर्षांत पोकळ होते.

जळगावकडे गिरणेच्या खोऱ्यात जामदा बंधाऱ्यासारखी मोठी कामे आहेत, तशी छोट्या नाल्यांवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची रांगही आहे. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळा सरल्यावर बसवायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. वेळेवर बसवले नाहीत तर पाणी वाहून जाते. वेळेवर काढले नाहीत तर पूर बाजूने काठ फोडतो, आणि बंधारा पात्रात मधोमध उभा राहून नदी त्याच्या शेजारून वाहते.

मातीच्या लहान धरणाची राखण याहून नाजूक. भिंतीच्या पायथ्याशी थोडा पाझर असतोच. तो नितळ आहे तोवर चिंता कमी, गढूळ झाला की समजावे की भरावाची माती आतून वाहून चालली आहे. भिंतीवर बाभूळ, रुई वाढू देऊ नये, मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते. माथ्यावरची लांबट भेग, साळिंदराचे बीळ, सांडव्यात केलेले अतिक्रमण, हे सगळे डोळ्यांनी दिसते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि झोपेतली माणसे गेली. तेही लहानच धरण होते, जेमतेम दोन दशकांचे. भिंत झिरपते अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पाहणाऱ्याला दिसले होते. ज्याने त्यावर काम करायचे तो दूर होता.

धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये आला. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते, नाशिकला त्यासाठी धरण सुरक्षितता संघटना आहे. पण 100 हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव आणि बंधारे बहुतेक जिल्हा परिषदेकडे येतात. ते शेकड्यांनी आहेत आणि पाहणारा अभियंता एक.

म्हणून पाटकरी परत आणला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा 2005 पासून आहे, पाणी वापर संस्था त्याखाली काम करतात. अशी संस्था जिथे आहे तिथे तिने, नाही तिथे ग्रामपंचायतीने, एका माणसाला वर्षभराचा पगार द्यावा. वहीत रोजची पाणीपातळी, पाझराचा रंग आणि बर्ग्यांचा हिशेब लिहायला लावावा. पावसाळ्यात रात्रीची फेरी त्याच्या कामात धरावी. पाझर गढूळ दिसला तर तहसीलदाराला आणि खालच्या गावांच्या पोलीस पाटलांना थेट फोन करण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या खर्चात असे कितीतरी पगार भागतील.